सगळे सुझुकी एकाच घरातले का?

सूचीकार: जपानी व्यक्तींची नामसूची करतोय. व्हायोलिनवाले शिनिची सुझुकी आणि गाड्यांवाले सुझुकी यांचं काही नातं आहे का? झेनवाले सुझुकी तर कुठे १९६६ मध्ये वारलेत, कुठे १९७१ मध्ये. नोंदी कशा लावू?

कोकिळा_पुणे: नातं नाही. सातोच्या खालोखाल सुझुकी हेच जपानमधलं सर्वांत जास्त आढळणारं आडनाव. दोन पाटील दिसले म्हणून आपण त्यांना भाऊबंद ठरवतो का? शिनिचींचे वडील मासाकिची नागोयात व्हायोलिन बनवायचे. गाड्यांवाले मिचिओ सुझुकींनी १९०९ मध्ये हामामात्सूत कापड विणायचे माग बनवण्याचा कारखाना काढला. गाड्या फार पुढच्या. हामामात्सू हे वाद्यं आणि मोटारसायकली या दोन्हींत नाव असलेल्या यामाहाचंही गाव, म्हणून वाद्यं आणि वाहनं यांची गल्लत होत असावी.

झेनवाले दोन आहेत. दाइसेत्सू (१८७०–१९६६) अभ्यासक आणि लेखक, इंग्रजीत 'डी. टी.' म्हणून येतात. शुन्र्यू (१९०४–१९७१) झेनमधल्या सोतो पंथाचे भिक्षू, १९५९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेले. अमेरिकी लेखनात नुसतं 'सुझुकी रोशी' (रोशी म्हणजे झेन गुरू) दिसलं तर बहुधा हेच.

मोडीवाचक: उलटही लक्षात ठेवा, घराणं एक असलं तरी रक्ताचं नातं असेलच असं नाही. मारुतीमुळे आपल्याला माहीत असलेले ओसामू सुझुकी जन्माने मात्सुदा. १९५८ मध्ये मिचिओंच्या नातीशी लग्न झालं आणि त्यांनी सासरचं आडनाव घेतलं. घरजावयाला दत्तक घेऊन धंदा चालवायची तिथे जुनीच रीत. त्यामुळे 'वडील' या रकान्यात आडनावावरून काहीही भरू नका.

सूचीकार: मग नोंदीचा साचा?

मोडीवाचक: आडनाव, नाव, जन्म-मृत्यू सालं, क्षेत्र, आणि कांजीतलं (जपानीत वापरल्या जाणाऱ्या चिनी चिन्हांतलं) नाव. शेवटचं टाळू नका. रसायनशास्त्राचं नोबेल मिळालेले दोन अकिरा आहेत, सुझुकी (२०१०) आणि योशिनो (२०१९). उच्चार एक, चिन्हं वेगळी. देवनागरीत हा फरक पुसला जातो. शिवाय जपानीत आडनाव आधी, इंग्रजीत बहुतेकदा शेवटी. दोन्हीकडून नावं उचलली की अकारविल्हे लावताना एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात. आधी क्रम एकसारखा करा, मग लावा.

कोकिळा_पुणे: बेसबॉलपटू इचिरोला मात्र सुझुकीखाली कोणी शोधणार नाही. १९९४ पासून जपानी लीगमध्ये त्यांचं नोंदणीचं नावच नुसतं 'इचिरो' होतं. त्याच मोसमात त्यांनी २१० हिट मारले. 'इचिरो : पाहा सुझुकी, इचिरो' अशी एक ओळ 'इ'खाली टाका.