मदत हवी आहे: साखरपुड्याच्या अंगठीचा हिरा पारखायचा कसा? (सांगली)

नमस्कार मंडळी,

दिवाळीनंतर धाकट्या भावाचा साखरपुडा आहे. होणाऱ्या भावजयीला हिऱ्याची अंगठी घालायचं ठरलंय आणि आमच्या घरात आजवर हिरा आलेला नाही. सोन्याचं म्हणाल तर आजोळ विट्याकडचं, मामा गलाईच्या (सोनं वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यात, कोइमतूरला दुकान. डाग हातात दिला की कसोटीवर घासून टंच सांगतात. हिऱ्याचं विचारलं तर म्हणाले, "त्यातलं मला विचारू नकोस बाई."

सराफ कट्ट्यावर एक आणि विश्रामबागला एक अशा दोन अंगठ्या पसंत पडल्यात. दोन्ही १८ कॅरेट पिवळ्या सोन्यात, एकच गोल खडा, ३० सेंट (०.३० कॅरेट).

पहिली "ईएफ व्हीव्हीएस" (ई-एफ हा रंग, व्हीव्हीएस ही शुद्धता, दोन्ही वरच्या दर्जाचे), पण कार्ड दुकानाच्याच नावाचं. सेल्समनने पेनासारखं मशीन टेकवलं, ते वाजलं, "बघा ताई, अस्सल!" दुसरी 'जी' रंग, व्हीएस टू (त्याखालची शुद्धता), कट एक्सलंट, सोबत जीआयए या हिरे तपासणाऱ्या स्वतंत्र संस्थेचा रिपोर्ट. ती आठेक हजारांनी महाग.

आई म्हणते, वरचा माल स्वस्तात मिळतोय तर सोडायचा कशाला? मला नेमकं तेच खटकतंय. मशीन वाजलं म्हणजे खाणीतला खरा हिरा ना? आणि पहिल्या कोटेशनमध्ये अंगठीच्या पूर्ण वजनाला सोन्याचा दर लावलाय, तसाच लावतात का?

— माहेरवाशीण

मिरजकर:
ताई, मी सुरतेला हिऱ्याच्या असॉर्टिंगला (प्रतवारीला) होतो, म्हणून लिहितो.

ते पेन खडा उष्णता किती झटकन वाहून नेतो एवढंच बघतं. काच आणि झिरकॉन त्यात पकडले जातात. लॅबग्रोन, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनच, त्यामुळे तिथेही ते वाजणारच, आणि साधं पेन मोझनाईटलाही (हिऱ्यासारखा दिसणारा वेगळाच खडा) वाजतं. लॅबग्रोन की खाणीतला हे दुकानात डोळ्याने किंवा भिंगाने सांगता येत नाही, त्याला लॅबची यंत्रं लागतात. म्हणून पहिल्या दुकानदाराला सरळ विचारा, "बिलावर 'नैसर्गिक हिरा' असं लिहून देणार का?" उत्तरापेक्षा चेहरा बघा.

ईएफ व्हीव्हीएस हे ठरवलं कोणी? ज्याला विकायचंय त्यानेच. हाच खडा बाहेरच्या लॅबला गेला तर दोन-तीन पायऱ्या खाली उतरू शकतो, मग स्वस्त कुठे राहिला? रंगाची पट्टी डी (बिनरंगी) पासून झेडपर्यंत (पिवळसर) असते, पण पिवळ्या सोन्यात बसवल्यावर एफ आणि जी मधला फरक घरातल्या कोणालाही दिसायचा नाही. व्हीएस टू मधला दोषही दहापट भिंगाशिवाय सहसा सापडत नाही.

खरा जीव कटमध्ये, म्हणजे पैलू किती नीट पाडलेत त्यात, आणि पहिल्या अंगठीचा कट तुम्ही लिहिलेलाच नाही. नीट कापलेला ३० सेंटचा गोल खडा वरून साधारण ४.३ मिलिमीटर भरतो. काही खडे वजन वाचवायला खोल ठेवतात. काट्यावर ३० सेंट पुरेपूर, पण वजन सगळं पोटात, वरून खडा लहान आणि मधोमध काळपट. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली तोही चमचमतो. दोन्ही अंगठ्या दाराशी आणून सावलीत हळूहळू तिरप्या करून बघा. कुठला विझल्यासारखा होतो ते कळेल.

दुसऱ्याचा रिपोर्ट नंबर जीआयएच्या साइटवर टाका. एवढ्या खड्याच्या गर्डलवर, म्हणजे कडेवर, तोच नंबर सहसा लेझरने कोरलेला असतो. भिंगातून जुळवून घ्या. जीआयए सुटाच खडा तपासते, त्यामुळे रिपोर्ट आणि अंगठीतला खडा एकच आहे ना, हे बघणं आपलं काम.

काटा_बरोबर:
पूर्ण वजनाला सोन्याचा दर लावू देऊ नका. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, तुमचा खडा जेमतेम ०.०६ ग्रॅम. रक्कम मोठी नाही, पण जो इथे वजा करत नाही तो बारीक खड्यांच्या नेकलेसला काय करत असेल! बिलात निव्वळ सोनं, हिऱ्याचे सेंट, रिपोर्ट नंबर, मजुरी आणि ३ टक्के जीएसटी वेगवेगळं मागा. हॉलमार्कचा ७५० (१८ कॅरेटचा शिक्का) आणि सहा अक्षरी एचयूआयडी (दागिन्याचा ओळख क्रमांक) फक्त सोन्याची हमी देतो, हिऱ्याची नाही. मोडीला हिऱ्यावर किती घट धरणार तेही लिहून घ्या. लॅबग्रोन बरेच सराफ परत घेतच नाहीत.

माहेरवाशीण:
दोघांचेही आभार. आत्ता पहिल्या दुकानात फोन केला. 'नैसर्गिक' लिहून द्यायचं म्हटल्यावर "शेठ आल्यावर सांगतो" म्हणाले. आईला मिरजकरांचा प्रतिसाद वाचून दाखवला, तिचं म्हणणं आता असं की जीआयए रिपोर्टवाल्या दुकानातच आठ हजार कमी करून मागायचे. रिपोर्ट असलेल्या हिऱ्यात घासाघीस चालते का?

मिरजकर:
मजुरीत चालते. सणाआधी गर्दी नसताना, दुपारी जा.