हवाईच्या छोट्या बेटांवर बालवाडी: सरकारने वर्ग काढावेत की पालकांना अनुदान द्यावं?

सागरगोटा (धागाकर्ता)

अमेरिकेच्या हवाई राज्याने जानेवारी २०२३ मध्ये ‘रेडी केकी’ नावाची योजना जाहीर केली. ज्या पालकांना हवी असेल त्यांच्या तीन आणि चार वर्षांच्या मुलांना २०३२ पर्यंत बालवाडीत जागा मिळावी, हा तिचा उद्देश. धुरा लेफ्टनंट गव्हर्नर (राज्याच्या उपप्रमुख) सिल्व्हिया लूक यांच्याकडे सोपवली होती. त्याआधी २०२२ मध्ये विधिमंडळाने वर्ग बांधायला आणि जुने वर्ग बदलून घ्यायला २० कोटी डॉलर मंजूर केले होते. याच्या जोडीला ‘प्रीस्कूल ओपन डोअर्स’ ही जुनी योजना आहेच. तिच्यात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना बालवाडीच्या फीसाठी अनुदान मिळतं, आणि चार वर्षांच्या मुलांपुरती असलेली ही सोय आता तीन वर्षांच्या मुलांनाही लागू झाली आहे.

म्हणजे पैसा दोन वाटांनी जातोय. माझं म्हणणं असं की छोट्या बेटांपुरता तरी तो आधी सरकारी शाळेतल्या वर्गांवर खर्च व्हायला हवा.

लानाई या छोट्या बेटावर तीन हजारांच्या आसपास माणसं राहतात. सरकारी शाळा एकच, किंडरगार्टनपासून (पहिलीच्या आधीचा वर्ग) बारावीपर्यंत. शेजारच्या मोलोकाई बेटाची वस्ती सातेक हजारांची. एवढ्याशा वस्तीत खासगी बालवाडीचं गणित फार नाजूक असतं. दोन-तीन कुटुंबं बेट सोडून गेली की भाडं आणि पगार निघत नाहीत, आणि जून उजाडेपर्यंत दाराला कुलूप लागतं. मग पालकाच्या हातात अनुदानाचं मंजुरीपत्र असून उपयोग काय? ओआहूवर, म्हणजे होनोलुलू शहर असलेल्या बेटावर, दहा मैलांवरची दुसरी बालवाडी गाठता येते. मोलोकाईहून शेजारच्या माऊई बेटावर जाणारी फेरीबोट २०१६ मध्ये बंद पडली, आता हाताशी आहे ते छोटं विमान. चार वर्षांच्या लेकराला कोणी रोज विमानाने बालवाडीत पाठवत नाही.

थोडा इतिहास. २०१४ मध्ये राज्याने किंडरगार्टनच्या प्रवेशाचं वय वाढवलं (३१ जुलैपर्यंत पाच पूर्ण हवीत) आणि ‘ज्युनियर किंडरगार्टन’ बंद केलं. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या मुलांचा सरकारी वर्ग असा गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये खासगी बालवाड्यांना सरकारी पैसा देता यावा म्हणून घटनादुरुस्ती मतदानाला आली आणि लोकांनी ती नाकारली. शिक्षक संघटनेचाही विरोध होता. मला तो कौल पटतो. पण कौल मिळाल्यावर सरकारी वर्ग ज्या वेगाने निघायला हवे होते तसे निघाले नाहीत, आणि त्यात एक अख्खी पिढी बालवाडीचं वय ओलांडून गेली.

ताळेबंद

उद्देशाशी भांडण नाही, मार्गाशी आहे.

पहिली गोष्ट वेळेची. सरकारी वर्ग शाळेच्या वेळेत चालतो आणि दुपारी लवकर सुटतो. या बेटांवर रोजगार आहे तो हॉटेलांत, स्वयंपाकघरांत, दुकानांत. जिची शिफ्ट दुपारी साडेतीन-चारला संपते तिने मुलाला कोणाकडे सोपवायचं? सुट्टीच्या दिवसांत काय करायचं? अनुदान हातात असेल तर ती दिवसभर मूल सांभाळणाऱ्या शेजारच्या परवानाधारक बाईंकडे ठेवू शकते. फुकट वर्ग मिळाला तरी उरलेल्या वेळेचे पैसे तिला मोजावेच लागतात.

दुसरी गोष्ट बांधकामाची. १९२० च्या जोन्स कायद्यामुळे एका अमेरिकन बंदरातून दुसऱ्याकडे जाणारा माल अमेरिकेत बांधलेल्या जहाजांतूनच न्यावा लागतो. मुख्य भूमीवरून येणारं सिमेंट, पाइप, लाकूड होनोलुलूत उतरतं आणि तिथून पुन्हा लहान बेटाकडे. प्रत्येक टप्प्यावर खर्च चढतो. वीस मुलांसाठी हे सगळं करणार, आणि पुढच्या वर्षी मुलं अकराच निघाली तर?

तिसरी गोष्ट, परिणामांची. टेनेसी राज्यात सुमारे तीन हजार मुलांचा अभ्यास झाला. अर्ज जास्त आणि जागा कमी असल्याने प्रवेश सोडतीने दिले होते, त्यामुळे तुलना चोख होती. सहावीपर्यंतचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. सरकारी बालवाडीत गेलेली मुलं न गेलेल्यांपेक्षा परीक्षेत मागे होती, शिस्तीच्या तक्रारीही त्यांच्याच जास्त. सरकारी वर्ग म्हणजे चांगलाच, असं धरून चालता येत नाही.

भरतीओहोटी

ताळेबंद, टेनेसीचा दाखला बरोबर आहे, पण तो एकटा नाही. बॉस्टनमध्येही १९९७ ते २००३ या काळात सोडतीने जागा दिल्या गेल्या, त्या चार हजारांहून जास्त मुलांचा पाठपुरावा झाला. शाळेतल्या गुणांत फारसा फरक दिसला नाही. मात्र पुढे कॉलेजात जाणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आणि निलंबनासारख्या शिक्षा कमी झाल्या. दोन्ही ठिकाणी वर्ग सरकारीच. एका ठिकाणी जमलं आणि एका ठिकाणी फसलं, म्हणजे आत काय चालतं त्यावर सगळं आहे.

(पेरी प्रीस्कूल या गाजलेल्या बालवाडी-प्रयोगाचा दाखला कोणी देण्याआधीच सांगते: १९६० च्या दशकातली १२३ मुलं होती ती. त्यावरून अख्ख्या राज्याचं धोरण ठरवू नये.)

काजवा

मी हवाईतल्या एका सरकारी बालवर्गात सहायक म्हणून काम केलंय. बेट आणि शाळा सांगत नाही, वस्ती एवढी लहान आहे की मुलं ओळखू येतील.

आमच्या वर्गात जास्तीत जास्त वीस मुलं, एक शिक्षिका आणि एक सहायक असा नियम. एक मुलगा गोष्टीच्या वेळी कायम बाईंच्या अगदी समोर येऊन बसायचा. मागे बसवलं की चुळबुळ, ढकलाढकली. घरी ‘हट्टी आहे’ असं सगळे म्हणायचे. एकदा बाई फळ्याकडे तोंड करून सूचना देत होत्या, तेव्हा एकोणीस मुलं उठली आणि हा बसून राहिला. त्या वळल्या, तीच सूचना पुन्हा दिली, तसा लगेच उठला. बाईंच्या लक्षात आलं की हा ओठ बघतोय. तपासणी झाली, दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. अपंग मुलांना तिसऱ्या वर्षापासून मोफत विशेष शिक्षण द्यायचं बंधन अमेरिकेच्या संघीय कायद्यात आहेच, पण मूल कोणा जाणत्या माणसाच्या नजरेला पडलंच नाही तर तो कायदा लागू करणार कोण?

ताळेबंद यांचा वेळेचा मुद्दा मात्र शंभर टक्के खरा आहे. वर्ग सुटला की न्यायला आजी, मावशी, मोठी भावंडं यायची. आई क्वचित दिसायची. आणि ज्यांच्या घरी न्यायला येणारं कोणी नव्हतं, त्यांनी नाव घालून काही दिवसांत काढून घेतलं. गरज सगळ्यात जास्त त्यांनाच होती.

ओंजळ

मला दोघांचंही पटत नाही. तुम्ही सगळे चार भिंतींबद्दल बोलताय.

हवाईत ‘टूटू अँड मी’ नावाची फिरती बालवाडी आहे. शिक्षकांचा चमू सामान घेऊन वस्तीत येतो, जागा मिळेल तिथे मांडामांड करतो. मूल एकटं येत नाही, त्याला सांभाळणारी आजी किंवा आजोबा सोबत बसतात आणि त्यांनाही शिकवलं जातं. तिथली कितीतरी मुलं आजी-आजोबांच्याच हाताखाली वाढतात. ही माणसं बाजूला सारून मुलाला वर्गात न्यायचं, हीच एक वाट का?

आणि भाषेचं काय? १८९६ च्या कायद्याने हवाईयन भाषा शाळांतून हद्दपार झाली. १९८४ मध्ये काउआई बेटावर केकाहा इथे पहिली ‘पूनाना लेओ’ बालवाडी निघाली ती पालकांच्या आणि भाषाप्रेमींच्या बळावर. तेव्हा अठराच्या आतली हवाईयन बोलणारी मुलं पन्नासही उरली नव्हती. शाळांत या भाषेतून शिकवायला कायद्याने मोकळीक दिली ती १९८६ साली, म्हणजे बालवाडी आधी आणि सरकार मागून! पूनाना लेओ खासगी ना-नफा संस्था चालवते. सागरगोटा म्हणतात तसा सगळा पैसा सरकारी वर्गांकडे वळवला, तर शेजारी फुकट इंग्रजी वर्ग आणि इकडे फी भरून हवाईयन, अशी निवड गरीब पालकापुढे येईल. तो काय निवडेल ते सांगायला नको.

सागरगोटा

ओंजळ, तुमच्या भाषेच्या मुद्द्याने मला अनुदानाबद्दल नव्याने विचार करायला लावलं. जिथे हवाईयन माध्यमाची बालवाडी आधीपासून उभी आहे, तिथे पालकाचं अनुदान बंद होता कामा नये. पण सरकारी म्हणजे इंग्रजीच असंही नाही. चार्टर शाळांतही (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या) सरकारी खर्चाने बालवर्ग चालतात, त्यांत हवाईयन माध्यमाच्या शाळा आहेत. छोट्या बेटांवर हा नमुना वाढवावा असं मी म्हणेन.

फिरत्या बालवाडीबद्दल आदर आहे. पण तिथे आजीला सोबत बसावं लागतं. आजी स्वतः कामावर जाणारी असेल तर?

ताळेबंद, बांधकामाचा खर्च मान्य. म्हणूनच नवी इमारत नको म्हणतोय. मोलोकाईवर चार प्राथमिक शाळा आहेत. असलेली एक खोली बदलून घ्यायची: लहान उंचीचे नळ, वर्गालगतच शौचालय, कुंपणातलं अंगण. मुलं कमी भरली तर खोली शाळेला परत मिळते, काही वाया जात नाही.

ताळेबंद

खोलीपुरतं मान्य करतो. काजवा यांनी सांगितलेला मुलगा माझ्या हिशेबात कुठेच नव्हता, हेही खरं.

पण शिक्षक? २०२० पासून हे राज्य टंचाईच्या भागांत शिक्षकांना जास्तीचे पैसे देतंय. नुसत्या पैशाने माणूस टिकत नाही, त्याला घर लागतं. लानाईची ९८ टक्के जमीन ओरॅकल कंपनीचे संस्थापक लॅरी एलिसन यांनी २०१२ मध्ये विकत घेतली. जिथे भाड्याचं घर मिळणंही एका मालकाच्या मर्जीवर आहे तिथे बालवर्गाची शिक्षिका बाहेरून येऊन राहणार कुठे? वर्षभरात ती परत गेली की वीस मुलांना पुन्हा नवा चेहरा. त्या वयाला हे फार जड जातं.

काजवा

म्हणून बाहेरून आणूच नये. आमच्या वर्गातल्या सहायक बहुतेक तिथल्याच होत्या, त्यांना घरं होती, मुलांच्या आज्यांना त्या नावाने हाक मारायच्या. त्यांच्याकडे पदवी तेवढी नव्हती. त्यांना कामावर असतानाच शिकवा, फी राज्याने भरावी, आणि तोवर वर्ग सुटल्यावर पाच वाजेपर्यंत मुलं सांभाळायचा पगारही त्यांनाच द्या. २० कोटींतला मोठा वाटा खोल्यांवर जाणार. या बायकांसाठी वेगळी तरतूद हवी, आणि ती आधी हवी.

ताळेबंद

पाच वाजेपर्यंत म्हणत असाल तर मी तुमच्या बाजूने. ती तरतूद कागदावर येईपर्यंत मात्र अनुदानाचा एक डॉलरही कमी करू नये, यावर मी ठाम आहे.