मदत हवी आहे : बाबांचं गजकर्ण, केओएच (कातडीत बुरशी आहे का ते पाहायची) तपासणी ठाण्यात कुठे?

बाबा ६१ वर्षांचे, राहायला खारेगावला. मे महिन्यात जांघेत लाल कडेचा गोल चट्टा उठला. मेडिकलमधून ट्यूब आणली. चार दिवसांत खाज जायची, लावणं थांबवलं की दुप्पट जोराने परत. असे तीन महिने गेले. आता चट्टे कमरेपर्यंत पसरलेत, गोल कडा पुसट झालीय, कातडी पातळ दिसते. ट्यूब नीट वाचली तर बुरशीच्या औषधासोबत क्लोबेटासॉल, म्हणजे जबरदस्त स्टेरॉइड! मीच आणून देत होतो, फार वाईट वाटतंय.

ट्यूब १० दिवसांपासून बंद. टॉवेल-कपडे वेगळे. घरात इतरांना नाही, साखर नॉर्मल. फॅमिली डॉक्टरांनी इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं पोटात घ्यायचं औषध) लिहून दिलंय, पण बाबांची कोलेस्टेरॉलची ॲटोरव्हास्टॅटिन चालू आहे आणि दोन्ही एकत्र घेतल्यास स्नायूंना धोका असतो, म्हणून सुरू केलेलं नाही. सोरायसिसही असू शकतो म्हणाले, त्यामुळे आधी तपासणी हवी.

गुडघ्यामुळे लोकलचा लांबचा प्रवास जमत नाही. ठाणे, कळवा, ऐरोलीपर्यंतच. कृपया घरगुती उपाय सुचवू नका.

कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात त्वचा ओपीडीत कातडी खरवडून केओएच तपासणी त्याच दिवशी होते का? आणि जाण्याआधी खोबरेल तेल लावलेलं चालतं का?