आठ वर्षं बंद घराचं परडं, सुरुवात कुठून करू? (जेसीबी बोलवायच्या आधी विचारतेय)

नवशिकी_परडेवाली · १९ एप्रिल, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी, इथं बरेच दिवस नुसतीच वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या.

आजी गेल्यावर आमचं कराडचं घर आठ वर्षं बंद होतं. आता मी वर्क फ्रॉम होम घेऊन इकडे राहायला आलेय. घर कसंबसं राहण्यासारखं केलं पण मागचं परडं बघितलं की रडूच येतं. जागा साधारण दीड गुंठा असेल. कंबरेएवढं गाजर गवत वाळून उभं आहे, कडेने घाणेरी आणि सुबाभळीची झाडी माजलीय, मधल्या मोकळ्या जागेत हराळी आणि लव्हाळा, आणि मागच्या वर्षी बाथरूम पाडून नवीन केलं त्याचा सगळा राडारोडा गवंड्याने तिथेच टाकून दिला (मी तेव्हा पुण्यात, कोण बघणार). जिवंत म्हणावं असं आजीचं एक लिंबू आहे, पण पानं पिवळी पडलीत, नुसत्या शिरा तेवढ्या हिरव्या. एक शेवगा आहे तो मस्त आहे, त्याला कुणाची गरज नाही.

माती काळी, आत्ता भेगा एवढ्या की हात जाईल.

एकाने सल्ला दिलाय की जेसीबी लावून वरचा फूटभर थर खरवडून टाका, दोन ट्रॉली लाल माती ओता, लॉन लावा, विषय संपला. सकाळपर्यंत सगळं साफ! मला मोह होतोय खरं सांगू तर. पण मला लॉन नकोय, भाजी हवीय, आजीच्या वेळी होतं तसं. मला काहीही येत नाही, कुंडीतली तुळस पण दोनदा मारलीय. काय करू?

---

मातीखाऊ · २० एप्रिल, सकाळी ६.१५

ताई, जेसीबीवाल्याला आधी फोन करून नाही म्हणून सांगा, मग चहा प्या आणि मग हे वाचा.

मी कोल्हापूरचा, बारा वर्षांपूर्वी अगदी हेच केलेलं आहे म्हणून बोलतोय. सकाळपर्यंत साफ झालं हे खरं. पण काय होतं बघा, लव्हाळ्याच्या जमिनीत गाठी असतात, काळ्या, खारकेच्या बीसारख्या, आणि त्या एकमेकींना दोऱ्याने ओवल्यासारख्या जोडलेल्या. जेसीबीच्या बकेटने ती माळ तुटते आणि सुटी झालेली प्रत्येक गाठ वेगळं रोप काढते. आधी कोपऱ्यात होता तो लव्हाळा मी स्वतःच्या पैशाने अख्ख्या जागेत पेरून घेतला. वर ती लाल माती, तिच्यातही लव्हाळाच होता, फुकट. शिवाय मशीन फिरून जमीन अशी दाबली गेली की पहिल्या पावसात तळं झालं, पपईची आठही रोपं मुळं कुजून गेली. आणि जो वरचा थर उचलून टाकला ना, सगळा जीव त्यातच असतो, खाली राहते ती नुसती चिकट काळी.

आत्ता एप्रिल चालू आहे हे तुमचं नशीब. हराळी मारायची तर हीच वेळ. पावसाळ्यात कितीही उपटा, कांडी राहिली की फुटतेच. आत्ता कुदळीने ढेकळं उलथून ठेवा, फोडू नका, तशीच उन्हात तापू द्या, मुळं वाळून काड्या होतात. दोन आठवड्यांनी परत एकदा उलथा आणि मुळ्या वेचा. हराळी म्हणजेच दूर्वा, गणपतीला लागतात म्हणून एक कोपरा ठेवा हवं तर, पण त्याला विटांची कड करा नाहीतर पुढच्या गणपतीपर्यंत स्वयंपाकघरात येईल.

पण अख्खा दीड गुंठा एकदम उलथायला जाऊ नका, तिसऱ्या दिवशी कंबर धरून बसाल आणि मग जूनमध्ये परत इथं येऊन रडाल. घराला लागून दहा बाय दहा फूट एवढंच घ्या या वर्षी. बाकीच्या जागेत पहिल्या पावसावर ताग फेकायचा, दाट. गुंठ्याला अर्धा किलो बी पुरतं, मी जास्तच टाकतो. लव्हाळ्याला आणि हराळीला सावली अजिबात सोसत नाही, ताग डोक्याएवढा झाला की खाली ते हडकतात. फुलं दिसायला लागली की म्हणजे ४५-५० दिवसांत कापून तिथेच गाडायचा. फुकटचं खत. एका वर्षात लव्हाळा जात नाही, खोटं कशाला बोलू, पण कुदळ आत जाईल अशी माती होते.

लिंबाचं सांगतो. पानं पिवळी आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह मिळेना. काळ्या मातीत चुनखडी मुळातच असते त्यात तुमच्या गवंड्याने सिमेंट, प्लास्टर ओतलंय. खात्री करायचीय तर तिथली चिमूटभर माती वाटीत घेऊन लिंबू पिळा, फसफसली की समजायचं. आधी तो ढीग उचला, गाळून उचला, बारीक चुरा पण राहू देऊ नका. मग वाळलेल्या फांद्या कापा, कापल्या जागी बुरशी लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावा (मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर, तुम्हाला याचा दहावा हिस्सा सुद्धा जास्त होईल, आणि प्लॅस्टिकच्या बादलीत करा, लोखंडी नको). पाणी खोडाशी नको, खोडाभोवती मातीचा उंचवटा करून आळं त्याच्या बाहेर करा, खोड ओलं राहिलं की डिंक येतो आणि झाड जातं.

---

बिनधास्त_बळी · २० एप्रिल, सकाळी १०.०२

एवढा कुटाणा कशाला, ग्लायफोसेट तणनाशक मारा, आठ दिवसात सगळं पिवळं. आमच्या बांधावर आम्ही तेच करतो.

---

कर्दळ · २० एप्रिल, दुपारी १.३०

बळीदादा, ते औषध हिरव्या पानातून आत जातं. त्यांच्याकडे सगळं वाळून उभं आहे, एप्रिलमध्ये वाळलेल्या गवतावर मारून काय नुसती आंघोळ घालायचीय का? शिवाय २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढलीय, पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय ते वापरायचं नाही असं, दुकानात मिळतं ही गोष्ट वेगळी. आणि ज्या जागेत तीन महिन्यांनी कोथिंबीर खुडायची तिथं मी तरी मारणार नाही.

नवशिकी ताई, हात लावायच्या आधी दोन गोष्टी.

एक, गाजर गवत. फुल स्लीव्ह, हातमोजे, मास्क घातल्याशिवाय जाऊ नका. माझ्या सासूबाईंच्या हाताला याच्यामुळे एवढं खाजून पुरळ उठलं की महिनाभर मलम चालू होतं, आणि एकदा अ‍ॅलर्जी झाली की नंतर नुसतं जवळून गेलं तरी होते. वाळलेल्याचं बी पडून गेलेलं असणार, एकेका झाडाला हजारोंनी बी असतं, त्यामुळे ते कंपोस्टमध्ये टाकू नका. जूनमध्ये नवीन उगवेल ते फुलायच्या आधी ओल्या जमिनीतून मुळासकट उपटा, ते खुशाल कंपोस्टमध्ये घाला. आमच्याकडे याला काँग्रेस गवत म्हणतात. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा दिसलं, बाहेरून आणलेल्या गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि आता काढा म्हणजे काढा.

दोन, राडारोडा. आठ वर्षं परड्यात कुणी राबलं नाही आणि वर विटांचा ढीग, म्हणजे घोणस असू शकते. गमबूट घाला, आधी काठी आपटा, वीट उचलताना बोटं खाली घालू नका, कुदळीने आपल्याकडे ओढून उलटी करा. संध्याकाळी अजिबात नको. सर्पमित्राचा नंबर आधीच घेऊन ठेवा.

---

नवशिकी_परडेवाली · २१ एप्रिल, रात्री ९.१५

घोणस वाचून आज परड्याचं दार पण उघडलं नाही 😅

जेसीबी कॅन्सल. गमबूट घेतले. लिंबू पिळून बघितलं, सोड्यासारखं फसफसलं!! मातीखाऊ दादा तुम्ही थोर आहात.

एक शंका, यूट्यूबवर सगळे दाखवतात की तण काढायचंच नाही, वर जाड पुठ्ठे अंथरायचे, त्यावर लाकडाचा भुगा नि चिप्स, आणि थेट लागवड. माझ्याकडे घर लावताना आलेले खोके ढीगभर आहेत. हे सोपं वाटतंय, चालेल का?

---

पाचटपाटील · २१ एप्रिल, रात्री १०.५०

ते व्हिडिओ थंड देशातले. आपल्याकडे पुठ्ठा आणि लाकूड म्हणजे वाळवीला लग्नाची पंगत. मी केलंय, कोरड्या जागेत पुठ्ठे घातले, महिन्याने उचलून बघतो तर पुठ्ठा शिल्लक नाही आणि रांग थेट घराच्या चौकटीपर्यंत. तुमचं जुनं घर, सागवानी दारं असतील, घरापासून लांब घाला आणि कायम ओलं ठेवणार असाल तरच घाला. लव्हाळा तर पुठ्ठ्याला भोक पाडून वर येतो, त्याला टोकच तसं असतं.

अहो तुम्ही कराडात राहता, चहूबाजूला ऊस, पाचट (उसाची वाळलेली पानं) मागा की! शेतकरी अजून पण पेटवून देतात कितीतरी ठिकाणी. टेम्पोचं भाडं द्या, पाचट फुकट मिळेल. चार बोटं जाड अंथरा, भेगा पडायच्या बंद होतात आणि पाणी निम्म्यावर येतं. खोडाला चिकटवू नका एवढंच.

आणि शेणखत घेताना बघून घ्या, कच्चं घेऊ नका. आमच्या ऊसपट्ट्यात हुमणी किती आहे तुम्हाला ऐकून माहीत असेल, कच्च्या शेणखताबरोबर पांढऱ्या गुबगुबीत अळ्या घरी येतात आणि मुळं खातात, वरून रोप का सुकलं तेच कळत नाही. खत चाळून घ्या, कोंबड्या असतील कुणाच्या तर ढिगावर सोडा, त्या एक ठेवणार नाहीत.

---

आत्याबाई_६७ · २२ एप्रिल, सकाळी ७.४०

बाळा सगळ्यांनी छान सांगितले आहे. मी फक्त विचारते की आजीच्या वेळची न्हाणी कुठे होती ते आठव. न्हाणीचं पाणी जिथून बाहेर पडायचं तिथे अळू, कर्दळ आणि केळ असायचीच, प्रत्येक घरी. त्या जागेला मुद्दाम पाणी घालावे लागत नसे. नवीन बाथरूमचे पाणी तुम्ही गटारात सोडले असेल, प्लंबरला सांगून अंगोळीचे तेवढे वेगळे काढून घे, भांड्यांच्या मोरीचे आणि वॉशिंग मशीनचे नको, त्यात सोडा फार. अळूचे कंद कोणीही देईल, विकत घेऊ नको. शेजारी माग, ओळख पण होईल.

आमच्या आई अक्षय्य तृतीयेला आळी करून ठेवत, खड्ड्यात शेणखत आणि राख, आणि वळीव पडला की दुधी, दोडका, घोसाळे, भोपळा टोचत. नवशिक्याने वेलच लावावे, कुंपणावर चढवले की वाफ्यांची कटकट नाही. टोमॅटोच्या मागे लागू नको पहिल्या पावसाळ्यात.

---

मातीखाऊ · २२ एप्रिल, सकाळी ८.०५

आत्यांना दंडवत. टोमॅटोचं एकदम बरोबर, पावसाळ्यात करपा रोग येतो, नवीन माणूस तिथंच खचतो.

एक राहिलं, सुबाभळीची बारकी झाडं कापू नका, कापली की दुप्पट फुटतात. पावसाने जमीन मऊ झाली की मुळासकट ओढा. मोठी काढायची असतील तर आधी नगरपालिकेत विचारा, शहर हद्दीत झाडं तोडायला १९७५ चा कायदा आहे, आपल्या अंगणातलं असलं तरी.

---

नवशिकी_परडेवाली · १७ ऑगस्ट, रात्री १०.२०

मंडळी मी जिवंत आहे आणि परडं पण!

राडारोडा काढायला अकरा दिवस लागले, रोज कामाआधी सकाळी एक तास, एकूण तीन ट्रॉली निघाल्या. घोणस निघाली नाही, एक धामण निघाली, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. दहा बाय दहा ठरवलं होतं, हावरटपणा करून पंधरा बाय दहा उलथलं आणि मातीखाऊ दादा म्हणाले तसं तीन दिवस झोपून होते. हराळी जवळपास गेली. लव्हाळा आहे, पण आता रोज चहा पिता पिता उपटते, सवयच लागलीय. ताग १२ जूनला फेकला, एवढा उंच झाला की शेजारच्या काकू विचारायला लागल्या हे काय लावलंय, ऑगस्टच्या सुरुवातीला कापून गाडला. आज कुदळ मारून बघितली, आख्खं पातं आत गेलं, एप्रिलमध्ये नुसता टणकन आवाज यायचा.

अळू त्याच काकूंनी दिलं, दोनदा वड्या झाल्या. लिंबाला नवीन पालवी आलीय आणि ती हिरवी आहे, जुनी पानं अजून पिवळीच आहेत. हळद पण लावलीय, आठ कंद, उगवले सहा.

दोन प्रश्न. गाजर गवतावर पांढरट पिवळे, काळ्या रेघांचे बारके भुंगे आलेत शेकड्यांनी, नीमतेल मारू का? आणि दुधीचा वेल कुंपणभर पसरलाय, पांढरी फुलं येतात आणि गळून जातात, एक पण दुधी नाही. खत कमी पडतंय का?

---

कर्दळ · १७ ऑगस्ट, रात्री १०.४५

अगं भुंगे मारू नको!! तो मेक्सिकन भुंगा, झायगोग्रामा, गाजर गवत खायलाच १९८४ मध्ये बंगळुरूला सोडला होता, तिथून सगळीकडे पसरला. तुझं काम करतोय तो, फुकट. शेजारी प्लॉटवर गाजर गवत असेल तर उलट चार धरून तिकडे नेऊन सोड.

---

आत्याबाई_६७ · १८ ऑगस्ट, सकाळी ७.१०

खत अजिबात घालू नको, नुसता पाला माजेल. आधी नर फुले येतात, ती गळणारच. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी बारीक दुधी असते, ती दिसते का बघ. दिसत असेल आणि पिवळी पडून गळत असेल तर परागीभवन होत नाही असे समज. दुधीचे फूल संध्याकाळी उमलते, तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. सात वाजता टॉर्च घेऊन जा, नर फुल तोड, पाकळ्या काढून टाक आणि मधला भाग मादी फुलात हलकेच फिरव. एका नराने दोन-तीन माद्या होतात. बारीक पाऊस असेल त्या दिवशी नको, पराग भिजतात.