मदत हवी आहे: रुबीत मेथड प्रायव्हेट असूनही एका मिक्सिनची दुसऱ्याला का लागते?

नमस्कार. मी वाळपईची. कॉलेजात जावा शिकले, रुबी स्वतःच शिकतेय. मामाचं काजूबिया खरेदीचं दुकान आहे, त्याच्यासाठी हिशोबाचा छोटा प्रोग्रॅम लिहिलाय. गोणी काट्यावर चढते, गोणीचं एक किलो वजा होतं, उरलेल्याला भावाने गुणायचं आणि पावसाळ्यात कुणी उचल घेतली असेल तर ती रकमेतून कापायची.

यासाठी ‘वजन’ आणि ‘उचल’ असे दोन मॉड्यूल (मिक्सिन, म्हणजे क्लासात मिसळायचे मेथडचे गठ्ठे) केले आणि ‘खरेदी’ या क्लासात त्याच क्रमाने इन्क्लूड केले. दोन्हींत ‘वजावट’ नावाची मेथड आहे. एकीत आलेल्या आकड्यातून गोणीचं वजन जातं, दुसरीत उचल जाते. दोन्ही मेथड प्रायव्हेट आहेत, म्हणून नाव एकच असलं तरी बिघडणार नाही असं धरून चालले.

काल एक मावशी ४२ किलो बिया घेऊन आल्या. त्यांची ५०० रुपये उचल होती. निव्वळ वजन आलं उणे ४५८! मग मागची बिलं काढून बघितली. ज्यांची उचल शून्य त्यांच्या वजनातून शून्यच वजा झालंय, म्हणजे आठवडाभर गोणीचा किलो कापलाच गेला नाही. मामा काही बोलला नाही, पण मला रात्री झोप लागली नाही.

इन्क्लूडचा क्रम उलटा करून पाहिला. वजन बरोबर आलं, पण उचलीचे ५०० कापायच्या जागी एकच रुपया कापला गेला. क्लासात ‘प्रायव्हेट’ लिहून त्याखाली इन्क्लूड घातलं, तरी तेच. प्रायव्हेट म्हणजे ज्याचं त्याच्यापाशी ना? मग हे असं का होतं?

कुळागर
‘खरेदी’वर ‘अँसेस्टर्स’ (मेथड कुठे कुठे शोधायची ती रांग दाखवतं) चालवून काय येतं ते टाका.

धागाकर्ती
क्रम पुन्हा पहिल्यासारखा केलाय. खरेदी, उचल, वजन, ऑब्जेक्ट, कर्नल, बेसिकऑब्जेक्ट.

कुळागर
उत्तर त्या रांगेतच आहे. रुबी मेथड शोधते ती डावीकडून, आणि शेवटी इन्क्लूड केलेलं मॉड्यूल आधी लागतं. ‘वजन’मधल्या मेथडने ‘वजावट’ला हाक मारली, तरी शोध ‘वजन’पासून सुरू होत नाही. तो त्या ऑब्जेक्टच्या क्लासापासून, म्हणजे ‘खरेदी’पासून होतो. वाटेत ‘उचल’मधली ‘वजावट’ भेटली की काम तिच्याकडे गेलं.

जावातली सवय इथे नडते. तिथे प्रायव्हेट मेथड त्या क्लासापुरती बांधलेली असते. जावा ९ पासून इंटरफेसमध्येही प्रायव्हेट मेथड लिहिता येते, आणि ती इंटरफेस वापरणाऱ्या क्लासाला दिसतही नाही. मेथड कुठे लिहिलीय हे रुबी विचारतच नाही. हाक मारताना नावाआधी दुसरा ऑब्जेक्ट लावलाय का, एवढंच बघते. रुबी २.७ पासून नावाआधी ‘सेल्फ’ (म्हणजे तोच ऑब्जेक्ट) लावलेलंही चालतं. मिक्सिन मिसळल्यावर सगळ्यांचा सेल्फ एकच, त्यामुळे आतल्या आत कुणालाच आडकाठी नाही. प्रायव्हेट बाहेरच्यांना अडवतं, नावं वेगळी ठेवत नाही.

तुमच्या बाबतीत नावं बदला: ‘गोणी_वजा’ आणि ‘उचल_वजा’. मामाला कोड दाखवलात तर त्यालाही कळतील अशी ही नावं आहेत. मी असतो तर वजनासाठी मिक्सिन घेतलंच नसतं, काट्याचा वेगळा क्लास करून त्याचा ऑब्जेक्ट ‘खरेदी’त ठेवला असता. तिथे प्रत्येकाची ‘वजावट’ खरंच ज्याची त्याच्यापाशी राहते.

मांडवीकाठ
इन्क्लूडबद्दल: ‘प्रायव्हेट’ असं नुसतं लिहिलं की त्याखाली ‘डेफ’ने लिहिलेल्या मेथड प्रायव्हेट होतात. इन्क्लूडने आलेल्या मेथडना ते लागू होत नाही. मॉड्यूलच्या पब्लिक मेथड बाहेरून लपवायच्या असतील, तर इन्क्लूड केल्यावर ‘प्रायव्हेट’ला त्यांची नावं द्यायची. पण त्यानेही तुमची टक्कर टळली नसती.

पायथनमध्ये नावाआधी दोन अंडरस्कोर दिले की आतून क्लासाचं नाव जोडलं जातं, म्हणून दोन मिक्सिनमधली तशी नावं सहसा भिडत नाहीत. रुबीत असं काही आपोआप होत नाही. आणि एक, @ लावलेली व्हेरिएबलसुद्धा बघून घ्या. तीही त्या एकाच ऑब्जेक्टची असतात. दोन मॉड्यूलमध्ये एकच नाव असलं तर एक दुसऱ्याची किंमत पुसून टाकेल, आणि तिथे एररही येणार नाही.

धागाकर्ती
बघितलं. @नोंद दोन्हीकडे आहे! एकीत काट्यावरचा आकडा, दुसरीत उचलीची तारीख. हे मला कधी सापडलं असतं कोण जाणे.

मेथडची नावं बदलली. मावशींचं वजन आता ४१ येतंय आणि ५०० रकमेतूनच कापले जातायत. काट्याचा वेगळा क्लास आज रात्री लिहायला घेते, @नोंद तिथेच सुटी होईल. आठवडाभराची बिलं मामा आणि मी वहीशी ताडून बघतोय. ज्यांना जास्त पैसे गेले त्यांच्याकडून परत मागायचे नाहीत असं मामाने ठरवलंय. कुळागर, मांडवीकाठ, दोघांचेही मनापासून आभार.