‘सॉफ्टवेअर मारणे’ आणि ‘प्रणाली बदलणे’ एकच का?

प्रश्न (लातूर): कॉलेजच्या मुलांसाठी मराठीत एक पत्रक करतोय, विषय जुन्या फोनवर कंपनीची प्रणाली (फोन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) काढून लिनिएजओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली दुसरी प्रणाली बसवण्याचा. गंजगोलाईजवळच्या दुकानात विचारलं तर म्हणाले, “सॉफ्टवेअर मारून देतो.” हेच का ते? आणि ‘प्रायव्हसी’ला गोपनीयता लिहू की खासगीपणा?

नांदेडहून: एकच नाही, आणि पत्रकात सगळ्यात आधी हाच फरक सांगा. आमच्याकडं वजिराबादेतही फोन लोगोवर अडकला की ‘सॉफ्टवेअर मारणे’ म्हणतात. त्यात कंपनीचीच प्रणाली नव्यानं बसते. फोन सुरू होतो, पण तुमची माहिती आधी जिकडं जात होती तिकडंच जात राहते. तुम्हाला कंपनीची प्रणाली काढून दुसरी बसवायचीय, त्याला ‘प्रणाली बदलणे’ म्हणा. दुकानात नुसतं “मारून द्या” म्हटलं तर जुनीच बसून येईल.

‘अनलॉक’ला ‘उघडणे’ लिहू नका. मुलांना ते पॅटर्न काढून फोन उघडण्यासारखं वाटेल. ‘बूटलोडरचं कुलूप काढणे’ असं पूर्ण लिहा (बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना प्रणाली चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम; कुलूप असेल तर तो दुसरी प्रणाली बसू देत नाही) आणि लगेच पुढं ठळक अक्षरात सांगा, की ते काढताना फोनमधलं सगळं पुसलं जातं. ग्राफीनओएस ही अशीच दुसरी प्रणाली गूगलच्या पिक्सेल फोनवर बसते आणि बसवल्यावर कुलूप परत लावता येतं. लिनिएजओएस कितीतरी जास्त फोनांवर चालते, पण बहुतेक ठिकाणी कुलूप उघडंच ठेवावं लागतं. मग बँकेची काही ॲप चालत नाहीत. हे आधी न सांगता कुणाच्या आईवडिलांचा फोन बदलायला लावू नये.

धाराशिवहून: माझं मत खासगीपणाला. गोपनीय म्हटलं की गोपनीय अहवाल, लपवायची कागदपत्रं डोळ्यासमोर येतात. मी काही लपवत नाही, माझं आहे ते माझ्या हाती राहावं एवढंच म्हणतोय. निजामाच्या स्वतःच्या मुलखाला ‘सर्फ-ए-खास’ म्हणत. ‘खास’मधला तो मालकीचा अर्थ इथं नेमका बसतो. 2017 साली सर्वोच्च न्यायालयानं प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं, तेव्हापासून दोन्ही शब्द छापून येतात.

परभणीहून: पण खासगी म्हणजे खासगी शिकवणी, खासगी दवाखाना, जिथं पैसे जास्त लागतात! आमच्या गावात हाच अर्थ आधी येतो.

धाराशिवहून: ‘खासगी’ला तो अर्थ आहे, ‘खासगीपणा’ला नाही. ‘पणा’ सोडू नका, एवढं पुरे.

नांदेडहून: ‘ओपन सोर्स’ला, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही पाहता-वापरता येतो त्याला, ‘मुक्तस्रोत’ मात्र बिनधास्त वापरा. मुक्त विद्यापीठामुळं ‘मुक्त’ म्हणजे सगळ्यांना खुलं हे मुलांना माहीत आहे, फुकटाला आपल्याकडं ‘मोफत’ वेगळा आहेच. फक्त ‘मुक्तस्रोत’ हा शब्द खासगीपणाच्या जागी वापरू नका. अँड्रॉइडचा गाभा मुळातच मुक्तस्रोत आहे. माहिती गोळा होते ती मुख्यतः त्यावर चढवलेल्या गूगलच्या आणि फोन कंपनीच्या सेवांतून, शिवाय आपणच टाकलेल्या ॲपमधून. प्रणाली बदलली आणि तीच ॲप सगळ्या परवानग्या देऊन परत टाकली, तर मुक्तस्रोत प्रणालीवरही खासगीपणा फारसा उरत नाही.