साठीनंतरचं काम : तब्येत आणि पैसा (अनुभव धागा)

मी परभणी जिल्ह्यातला. जिल्हा परिषद शाळेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालो. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची, त्यामुळे जुनी पेन्शन आहे. पैसे महिन्याच्या महिन्याला खात्यावर येतात, शुगरच्या गोळ्या चुकत नाहीत, म्हणून सत्तरीकडे झुकलो तरी शेतीचं मीच बघतो. हंगामात शेतातल्या आखाड्यावर मुक्काम असतो. थकलो की घरी येतो. आमचा सालगडी माझ्यापेक्षा लहान, पण कंबर धरून चालतो आणि त्याला थकलो म्हणायची सोय नाही. हे रोज डोळ्यांसमोर आहे. म्हणून विचारतो: तुम्ही किंवा घरातलं कोणी उतारवयात काम करतंय, किंवा सोडलंय, ते कशामुळे? मोकळेपणानं लिहा. घरच्यांच्या वतीनं लिहिलं तरी चालेल.

केज, जि. बीड

गुरुजी, माझ्या अण्णांचं लिहिते. अण्णा आणि माय मिळून ऊसतोडीचा एक कोयता, म्हणजे एक जोडी. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत. पैसा टनावर. मुकादमाकडून पावसाळ्यात उचल, म्हणजे आगाऊ रक्कम घ्यायची आणि फडात फेडायची. अंग चालतंय तोवर हा हिशोब कसाबसा बसतो. पंचावन्नच्या आसपास अण्णांच्या मणक्यात गॅप निघाली. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं बंद झालं. तोडणी होते पण भरणी होत नाही, मग टन कमी पडतात, उचल फिटत नाही, बाकी पुढच्या हंगामावर जाते. शरीर थकलं म्हणून बाकी राहिली, आणि बाकी राहिली म्हणून तेच शरीर घेऊन पुन्हा फडात जायचं. डॉक्टरांनी 'वजन उचलू नये' असं लिहून दिलं होतं. ती चिठ्ठी मुकादमाला दाखवून काय होणार होतं?

ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढण्याचा बीडचा विषय २०१९ ला राज्यभर गाजला. माझ्या मायची पिशवी त्याच्या कितीतरी आधी, ऐन तिशीत काढलेली. तेव्हापासून हाडं दुखायलेत, असं ती सांगते. आता ती फडावर जात नाही. भावाच्या लेकरांची शाळा बुडू नये म्हणून त्यांना घेऊन गावात राहते. पहाटे उठून भाकरी, पाणी, त्यांचं आवरणं, रात्री एखाद्याला ताप आला तर तोही तिनंच बघायचा. ती आहे म्हणून भाऊ-भावजय जोडीनं जाऊ शकतात, नाहीतर घरातून अर्धाच कोयता निघाला असता. आणि कोणी विचारलं तर म्हणते, "म्या आता काहीच करीत नाही." मला हे ऐकवत नाही.

लातूर

वरचं वाचून लिहावं की नाही असं झालं, पण लिहितो. बाजार समितीत आमची आडत आहे. वय ७१. दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदलल्या, खर्च घरातून निघाला, काही महिन्यांत पुन्हा गादीवर बसलो. सोयाबीन-तुरीचे सौदे आजही मीच करतो आणि मनापासून करतो. आमच्याकडे उभी हयात पोती वाहिलेले एक चाचा माझ्याच वयाचे. त्यांचे गुडघे माझ्या आधी गेले. ऑपरेशनच्या खर्चाचं मी बघतो म्हणालो होतो. ते म्हणाले, "शेठ, ऑपरेशन होईल, पण घरी बसलो तर तितके दिवस खायचं काय?" त्या प्रश्नाचा मी तेव्हा विचारच केला नव्हता. आता ते पोत्यांना टाके घालतात, सांडलेला माल झाडून चाळून देतात. हमालीच्या मानानं पैसे फारच कमी.

वाळूज

कंपनीत हेल्परचा ऑपरेटर झालो, पण मधली बरीच वर्षं ठेकेदाराकडे गेली आणि तेव्हा पीएफ कापलाच नाही. पीएफमधून मिळणारी ईपीएस ९५ ची पेन्शन हजाराच्या थोडी वर. किमान १००० रुपये २०१४ ला ठरले, त्यानंतर महागाई कुठल्या कुठे गेली. आता वॉचमन आहे, बारा तासांची ड्युटी, बहुतेक रात्रीची. शुगर आहे, डबा कधी अकराला तर कधी दोनला, गोळीचा मेळ बसत नाही. पायाची एक जखम भरेना झालीय. मुलगा म्हणतो, घरी बसा. त्याचा पगार मला माहीत आहे.

नांदेड

मी ग्रामीण भागात सरकारी डॉक्टर आहे. आधी वाळूजच्या काकांना: शुगर असताना पायाची जखम अंगावर काढू नका, याच आठवड्यात संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात दाखवा.

७० आणि त्यापुढच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार. पण ते भरती झाल्यावर. रोजच्या बीपी-शुगरच्या गोळ्या त्यात येत नाहीत, त्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तरी लोक येत नाहीत, कारण दवाखान्यात आलं की त्या दिवसाचा रोज बुडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत आमची ओपीडी ओस असते. वेचणी सरली की त्यातलेच काहीजण लकवा मारलेल्या अवस्थेत येतात. गोळ्या चार महिने बंद असतात.

हिंगोली

आजीचं लिहिते. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये आहेत, पण कधी दोन-तीन महिने थकून एकदम येतात. खुरपं धरून बोटं इतकी झिजलीत की मशीनवर अंगठा उठत नाही, परत यावं लागतं. अजून खुरपायला जाते. हात चालत नाही, पण सोबतच्या बाया तिच्या वाट्याची पात, म्हणजे ओळ, ओढून घेतात, त्यामुळे रोज पूर्ण मिळतो.

केज, जि. बीड

हिंगोलीच्या ताई, श्रावणबाळला वयाचा पुरावा काय लावला होता? आमच्या मायच्या आधारवर जन्मसाल पुढचं पडलंय, ६५ पूर्ण दिसत नाहीत.

हिंगोली

आजी शाळेत गेलेली नव्हती. ग्रामीण रुग्णालयातून वयाचा दाखला काढला. सोबत २१ हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला लागतो. अर्ज तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत द्यायचा. पोच घेतल्याशिवाय मायला तिथून उठू देऊ नका.